भुवडबाईंची तिसरी पिन

भाईंदर पूर्वेला खारीगावात, आमच्या बिल्डिंगपासून पिठाच्या गिरणीपर्यंत, एक गोष्ट पदराआडून सांगितली जायची: दुसऱ्या मजल्यावरच्या मंदा भुवडच्या अंगात येतं. आणि येतं ते साधंसुधं नाही. नवऱ्याला नावाने हाक मारते, पोटुशी सुनेवर चप्पल फेकते, आणि नारळ, साडी, कोंबडं यातलं काहीही न मागता तीन पिनांचा प्लग मागते. बायका हे इतक्या हळू आवाजात सांगायच्या की गिरणी चालू असतानाही रस्त्यापलीकडच्या भाजीवाल्याला स्वच्छ ऐकू जायचं.

मी त्या घरात त्या दिवशी खुर्ची टाकून बसले होते, म्हणून मला सगळं ठाऊक. आणि ठाऊक असलेलं पोटात ठेवलं तर मला पित्त होतं.

आधी मंदा कोण ते सांगते. रत्नागिरीकडची, गुहागर बाजूची. लग्न होऊन इथे आली तेव्हा खारीच्या आजूबाजूला अजून मोकळी जमीन दिसायची, असं ती म्हणते. मला तर तेव्हाही चिखलच दिसला होता. बाई कामाला वाघीण. उकडीचे मोदक असे करते की कळ्या मोजत बसावं की खावं हा प्रश्न पडतो. मी खाते. स्वयंपाकघर रोज सकाळी बादली ओतून धुणार, पायात काही न घालता, कारण चुलीपाशी चप्पल नेणं म्हणजे तिच्या लेखी देवळात बूट घालून जाणं. जीभ तिखट, पण कुणाच्या घरी आजारपण आलं तर पहिली पेज हिच्याकडून.

नवरा हरिश्चंद्र. स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायच्या गाळ्यात जन्म गेला त्याचा. पातेल्यात तोंड दिसेपर्यंत घासत बसणार, पण घरात कुठली गोष्ट नीट दुरुस्त करायची म्हटली की याच्याकडे एक सोपा उपाय तयार. नळ गळतो? दोरी बांध. दार वाजतं? कागद खोच. मुलगा साईराज कुरिअरमध्ये. सून संचिता, सालस पोर, तेव्हा तिला सातवा महिना लागलेला.

आता फ्रिज. तो समोरच्या हंसाबेनचा. तिने नवा घेतला आणि जुना भुवडांना देऊन टाकला. तिच्या घरी तो गरीब गाईसारखा उभा होता. भुवडांच्या घरी आला आणि करंट मारायला लागला. आधी नुसत्या मुंग्या. दाराला हात लावला की बोटं झिणझिणायची. हंसाबेनला हे सांगितलं की ती लालबुंद व्हायची. "माझा घरी कधी नाय मारला. तुमचा घरी येऊनच त्याला वाईट सवय लागला."

खरं काय झालं होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच कळलेलं नव्हतं. फ्रिजच्या प्लगला तीन पिना. भुवडांनी फ्रिजसाठी जो जुना बोर्ड ओढून घेतला होता त्याला भोकं दोन. हरिश्चंद्रने पक्कड घेतली आणि वरची जाड पिन कापून टाकली.

"अहो, तिसरी कापलीत?" मंदाने विचारलं होतं.

"लाईट दोन पिनांतून येते. तिसरी शोभेची असते."

"एवढी जाड शोभा?"

"कंपनीवाले देतात. तुला काय कळतंय त्यातलं?"

झालं. करंट मारायला लागल्यावर त्यालाही हरिश्चंद्रचा सोपा उपाय निघाला. फ्रिजच्या हँडलला एक नॅपकिन बांधला. घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचं, नॅपकिनने उघडा हां, आमच्या फ्रिजचा स्वभावच तसा आहे. जसं काही तो घरातला एखादा तापट काका. आम्हीही सगळ्या नॅपकिनने उघडायचो, पाण्याची बाटली घ्यायचो, नॅपकिनने बंद करायचो. एवढी वर्षं उघडतोय, काय झालं, असं म्हणणाऱ्यांत आमच्या बिल्डिंगचा नंबर पहिला.

आणि मग नवरात्रातली ती दुपार. मंदाकडे हळदीकुंकू होतं. सकाळी तिने घर धुतलं, स्वयंपाकघरातली लादी तर दोनदा. डोक्यावरून न्हाली, केस मोकळे सोडले, हिरवी साडी नेसली. संचिताने पाहिलं की फ्रिजवरचा नॅपकिन हळदीच्या डागांनी भरलाय, पाहुण्या बायका काय म्हणतील, म्हणून तिने तो सोडून धुवायला टाकला. पोरीने चांगल्यासाठीच केलं. दुसरा बांधायचा राहिला.

हॉलमध्ये आम्ही बायका दाटीवाटीने. आरती सुरू झाली. आरती सांगायला विमलाबाई. या विमलाबाई गिरगावातून आमच्याकडे राहायला आल्या आणि येताना सगळ्या देवांची मुखत्यारी घेऊन आल्या. कुठला उपास कधी सोडायचा, कुठल्या देवीला कुठला रंग, सगळं त्यांना विचारायचं. न विचारलं तरी त्या सांगायच्या.

मंदा प्रसादाचं दूध काढायला आत गेली. ओली लादी, अनवाणी पाय, ओले केस, आणि हँडलला नॅपकिन नाही.

आम्हाला दिसलं ते एवढंच: स्वयंपाकघराच्या दारातून पाठमोरी मंदा, एक हात फ्रिजच्या दाराला, आणि सगळं अंग थरथरतंय. केस हलतायत. दातांतून घुमल्यासारखा आवाज. मी मागे खुर्चीवर, मला बायकांच्या पाठीच जास्त दिसत होत्या. पण विमलाबाई पुढे होत्या.

"आई आली," त्या म्हणाल्या. "थांबू नका, आरती चालू ठेवा."

आणि आम्ही चालू ठेवली. अजून जोरात. टाळ्या, घंटा, कुणीतरी ताम्हन वाजवलं. एका बाईने पदर पसरला. आत ती बाई जिवाच्या आकांताने हात सोडवायला बघत होती. हाताच्या मुठीनेच हँडल आवळून धरलं होतं, बोटं तिचं ऐकत नव्हती, तोंड उघडत नव्हतं. मंदाने मला नंतर सांगितलं, "अगो मावशी, मला सगळं ऐकू येत व्हतं. मी मरतंय आणि तुम्ही बायका टाळ्या वाजवतायव."

हंसाबेनला मात्र तिच्या पिंटूचं लग्न जमत नव्हतं. आलेल्या देवीला विचारून घ्यावं म्हणून ती कुंकवाचा करंडा घेऊन सगळ्यांच्या आधी आत शिरली. कुंकू लावायला बोट मंदाच्या कपाळाला टेकवलं मात्र, हंसाबेन मागे उडाली ती ताटांवर जाऊन बसली. अंगावर कुंकू, डोळे पांढरे. पण बाई शुद्धीवर होती.

"अरे, आ माताजी नथी," ती ओरडली. "आ तो करंट छे."

संचिता धावली, सासूला ओढायला. हंसाबेनने बसल्या बसल्या तिचा ड्रेस मागून मुठीत पकडला आणि सोडला नाही. "हात मत लगाना. तू भी चिपकेगी. मेन बंद कर, मेन."

मेन स्विच दारावर उंच. संचिताचा हात पोचेना. तिने बाल्कनीतली कपडे वाळत घालायची काठी आणली आणि खालून ढोसून खटका पाडला. पंखा थांबला, माळेचे दिवे गेले, आणि मंदा भिजलेल्या पोत्यासारखी खाली आली.

आरतीचं एक कडवंही पुरं झालं नसेल एवढ्या वेळात हे सगळं झालं. आम्हाला ते अख्खं नवरात्र वाटलं.

श्वास चालू होता. तळहातावर हँडलचा काळा पट्टा उमटला होता, मांस भाजल्याचा वास येत होता. साईराजला फोन गेला, रिक्षा आली, हॉस्पिटलात नेलं. बाई बोलायला लागली होती, घरी जाते म्हणत होती, पण डॉक्टरांनी सोडलं नाही. वरून माणूस ठीक दिसतं, पण करंट छातीतून गेला तर हृदयाचे ठोके नंतरही चुकू शकतात, म्हणून मशीन लावून लक्ष ठेवलं. साईराज बाहेरच्या बाकावर बसलेला. डॉक्टर त्याला म्हणाले, कुणीतरी वेळेवर मेन बंद केला म्हणून तुम्ही इथे बसलाय. यापुढे ओल्या पायांनी कुठल्या यंत्राला हात नको, आणि घराचं वायरिंग आधी दाखवा.

मंदा घरी परतली ती वेगळीच. हंसाबेनच्या दारात गेली, आणि तिचे दोन्ही हात धरले. हंसाबेन म्हणाली, "मला तर पिंटूचा विचारायचा होता, तुला काय वाचवायला नाय गेली मी." मंदा म्हणाली, "तरीपन." बस, एवढंच. त्या दिवसापासून मंदाकडे जे काही गोड होईल त्याचा पहिला डबा समोरच्या दारात जातो. पूर्वी तो माझ्याकडे यायचा, पण ते जाऊ दे.

आता तुम्ही म्हणाल, संपलं. वायरमन बोलावला असेल, काम झालं असेल. तुम्ही हरिश्चंद्रला ओळखत नाही.

झालं असं की आरतीला आलेल्या अर्ध्या बायका हंसाबेन ओरडायच्या आधीच जिना उतरल्या होत्या, ही बातमी खाली आधी कोण पोचवतं या घाईत. त्यांनी पाहिलं ते अंगात आलेलं. करंट त्यांच्या गोष्टीत नव्हताच. मंदा हॉस्पिटलातून यायच्या आत दारासमोर नारळ. फ्रिजला कुणीतरी हळदकुंकवाची बोटं ओढली, गजरा अडकवला. विमलाबाईंनीही माघार घेतली नाही. त्या म्हणाल्या, करंट हे निमित्त, यायचं ते आलंच होतं. आणि वर हरिश्चंद्रला बजावलं, "जिथे आई उभी राहिली त्या भिंतीला सव्वा महिना हातोडा लावायचा नाही."

हरिश्चंद्रला हे ऐकून कोण आनंद. देवीचीही आज्ञा आणि वायरमनही नको. त्याने हँडलला नवाकोरा नॅपकिन बांधला, जाड, टर्किशचा. आणि दूध नासतंय म्हणून फ्रिज पुन्हा चालू केला.

मंदाने प्लग काढला. त्याने लावला. तिने काढला. "संचिता दिवसभर घरात असते," ती म्हणायची. "पोटात पोर आहे तिच्या. मी सुटले, ती नाय सुटायची."

"नॅपकिन आहे ना."

"नॅपकिन त्या दिवशी कुठं व्हता?"

"तिनेच काढला. आता नाही काढणार." हे ऐकून संचिता बिचारी रडायला बसली. मग मंदा नवऱ्यावर भडकली, मग साईराज मध्ये पडला. "बाबा, मी बोलावतोय वायरमनला. रविवारी सुट्टी घेतोय ना." रविवार आला की कुरिअरवाल्यांची सेलची गर्दी निघायची. असे दिवस चालले. मंदा दुपारचं झोपेना. फ्रिजसमोर स्टूल टाकून बसायची, भाजलेल्या हाताला पट्टी, पहारेकऱ्यासारखी. बायका येऊन तिच्याच पाया पडायच्या. ती सांगायची, अगो मला शॉक लागला, शॉक. त्या माना डोलवायच्या आणि आपापसांत म्हणायच्या, सांगत नाहीत हो, देवाचं माणूस कधी उघड सांगतं का?

मग ती दुपार. मी वाटीभर साखर मागायला गेले होते, म्हणजे बातमी मागायला गेले होते. मंदा न्हाऊन आली, केस मोकळे, आणि स्टुलावर बसल्या बसल्या पेंगली. हरिश्चंद्रने गुपचूप प्लग लावलेला. स्वयंपाकघरात संचिताने नुकतीच भांडी धुतलेली, लादीवर पाणी. तिला ताक प्यायचं होतं. नॅपकिन ओला होता, भांडी धुताना पाणी उडून भिजलेला, आणि ओला नॅपकिन म्हणजे नसल्यातच जमा, हे तिला काय माहीत. हात पुढे केला.

मंदाचे डोळे उघडले. ओरडायला वेळ नव्हता. हाताशीच, दारात, रबरी स्लिपर होती, तिने ती उचलली आणि फेकली. सणसणीत. संचिताच्या मनगटावर बसली, हात बाजूला झाला. पोरगी किंचाळली. हरिश्चंद्र बाहेर आला तर हे दृश्य: सून मनगट धरून रडतेय, चप्पल फ्रिजपाशी पडलेली, आणि बायको मधोमध उभी, केस सुटलेले, सगळं अंग कापतंय.

"काय चाललंय काय?" तो म्हणाला.

मंदाने त्याच्याकडे पाहिलं. आणि म्हणाली, "हरिश्चंद्र."

आता आमच्या वयाच्या, कोकणातल्या बाईने नवऱ्याचं नाव घेतलेलं तुम्ही ऐकलंय? उखाण्याशिवाय? मंदाने संसारात त्याला "अहो" आणि "साईराजचे बाबा" याच्या पलीकडे हाक मारली नव्हती. रेशनकार्डावर नाव सांगायची वेळ आली तरी साईराजला पुढे करायची. हरिश्चंद्र जागच्या जागी पांढरा पडला. हात आपोआप जुळले.

"हरिश्चंद्र, पिन आण."

"कुठली पिन, आई?" स्वतःच्या बायकोला. मी कानांनी ऐकलं.

"शोभेची."

तो चपला न घालता खाली धावला. रस्त्यावर त्याला कुणीतरी विचारलं काय झालं, तर म्हणाला, आईने पिन मागितलीय. ईश्वर वायरमनला तो दुसऱ्याच्या घरातून, शिडीवरून उतरवून घेऊन आला.

ईश्वर गडी गप्पिष्ट, पण काम करताना कपाळाला आठी. त्याने फ्रिजच्या बाजूला टेस्टर लावला आणि टेस्टर लखकन पेटला. मग मागची जाळी बघितली. आतल्या वायरचं कव्हर घासून तार उघडी पडली होती आणि ती फ्रिजच्या पत्र्याला टेकत होती. पत्रा सगळा जिवंत. मग त्याने बोर्ड उघडला.

"काका, याच्यात अर्थच नाही."

"अर्थ नाही म्हणजे?" हरिश्चंद्रने विचारलं.

"त्यांच्या बोलण्यातपन नाय," मंदा मागून म्हणाली, आणि मी ओळखलं, ही आपलीच मंदा.

ईश्वरने समजावून सांगितलं. प्लगची जाड पिन म्हणजे अर्थची, जमिनीत जाणाऱ्या तारेची. वायर कुठे उघडी पडली आणि करंट पत्र्यात आला, तर तो त्या तारेने जमिनीत पळून जातो आणि फ्यूज उडतो. ती पिन कापली की त्याला पळायला वाट उरत नाही. मग तो वाट बघत बसतो, कुणीतरी ओल्या पायांनी येऊन हात लावण्याची. कोरडं असताना मुंग्या, ओलं असताना मूठ आवळते आणि सुटत नाही. हंसाबेनच्या घरी बोर्डाला अर्थ होता, म्हणून तिकडे तोच फ्रिज गरीब होता. हे कळल्यावर हंसाबेन दारात येऊन जी काही मान उंच करून उभी राहिली, तशी ती पिंटूच्या लग्नातही उभी राहणार नाही. लग्न अजून जमायचंय, म्हणून म्हणते.

भिंतीला हातोडा लागला. विमलाबाई जिन्यात उभ्या राहिल्या, पण साक्षात आईने सांगितलेलं काम, अडवणार कोण? अर्थची तार आली, तीन भोकांचा बोर्ड आला, फ्रिजची वायर बदलली. आणि मेनपाशी एक नवा स्विच बसला, करंट कुठे गळायला लागला की डोळा लवायच्या आत स्वतःहून पडणारा. त्यावर एक बारीक बटण असतं, दाबून बघायचं की तो जागा आहे का. ते मंदा अधूनमधून दाबते. घर अंधारात जातं, हरिश्चंद्रची मालिका बंद पडते, आणि ती खूश.

मग जे झालं ते मला फार आवडतं. लोक नारळ घेऊन येतच राहिले. मंदाने शॉकची गोष्ट सांगायचं सोडून दिलं. कुणी आलं, मुलाची नोकरी, सुनेचं माहेरपण, गुडघ्याचं दुखणं, काही विचारलं, की ती भाजलेला तळहात पुढे करायची आणि एवढंच म्हणायची, "घरातला फ्रिज, गिझर, वॉशिंग मशीन, काय मुंग्या आणतं का? आधी ते बंद कर. तिसरी पिन बघ. मग ये." लोक मुकाट्याने जायचे आणि बघायचे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये वर्षानुवर्षं ज्यावर चहा गार झाला ते वायरिंगचं काम बिल्डिंगभर झालं. ईश्वरने तर तिच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. मी तिला एकदा म्हटलं, "मंदे, तू खरं का नाही सांगत?" ती म्हणाली, "मावशी, खरं सांगून बघितलं ना. नारळ घेऊन आलेलं माणूस ऐकून तरी घेतं."

संचिताला मुलगी झाली. बारशाला मंदाने बाळाला हंसाबेनच्या मांडीवर सगळ्यात आधी दिलं, आणि ती कपडे वाळत घालायची काठी बारशाला आलेल्या पाहुण्यांनी अडगळ म्हणून बाहेर ठेवली होती, ती आत आणून नीट भिंतीला उभी केली. स्वयंपाकघरात आता ती रबरी स्लिपर घालून वावरते. विमलाबाईंनी नाक मुरडलं तर म्हणाली, "देवाने दुसऱ्यांदा पाठवलंय, पाय झाकूनच राहीन म्हणते." सकाळी उठली की खिडकीपाशी उभी राहून हाताची मूठ करते आणि उघडते, करते आणि उघडते. उघडली की हसते.

आता खरं सांगते. मंदा भुवडच्या अंगात कधीही काही आलं नाही. फ्रिजच्या प्लगची अर्थची पिन कापलेली होती, आतली वायर उघडी पडली होती, आणि ती ओल्या लादीवर अनवाणी उभी होती. तिला शॉक लागला होता.